प्रेशर सोलेनॉइडचा कोड आलाय; पार्ट बदलण्याआधी काय तपासायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. गाडी सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक. थंड असताना काही त्रास नाही. अर्धा तास चालली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनाची रेस क्षणभर सुटते, गाडी मात्र वेग घेत नाही. मग चेक लाइट लागतो, आणि त्यानंतर पी मधून आर किंवा डी मध्ये टाकताना जोरात झटका बसतो. कोड पी०७४६. गॅरेजने प्रेशर सोलेनॉइड (ऑइलचं प्रेशर कमीजास्त करणारा, विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बदलायला सांगितलंय आणि तुम्ही विचारताय, की एवढं केल्यावर दुखणं जाईल का?

जाईलही. पण आज हातात असलेल्या माहितीवर मी तो पार्ट मागवणार नाही. दोन आकडे अजून कोणीच मोजलेले दिसत नाहीत: सोलेनॉइडला प्रत्यक्षात किती करंट मिळतोय, आणि गिअरबॉक्समध्ये प्रत्यक्षात किती प्रेशर आहे. हे दोन्ही एकमेकांशेजारी ठेवले की दोष वायरिंगचा, सोलेनॉइडचा की त्याच्याही पलीकडचा, हे बहुतेक वेळा तिथल्या तिथे कळतं. ते न मोजता पार्ट बदलणं म्हणजे अंदाजाचे पैसे तुमच्या खिशातून भरणं.

आधी आत काय चालतं ते पाहू. ऑइल पंप प्रेशर तयार करतो, रेग्युलेटर व्हॉल्व्ह ते आवरतो आणि हेच मेन प्रेशर क्लच दाबून धरायला वापरलं जातं. रेग्युलेटर किती आवरायचा हे प्रेशर सोलेनॉइड ठरवतो. कॉम्प्युटर त्याचा करंट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून सरासरी करंट कमीजास्त करतो. मेन प्रेशरच्या बहुतेक सोलेनॉइडमध्ये हिशेब उलटा असतो. करंट वाढला की प्रेशर उतरतं आणि करंट पूर्ण गेला की प्रेशर चढून कमालीला जातं. जनरल मोटर्सच्या ४एल६०-ई या चार गिअरच्या बॉक्समध्ये ० अँपिअरला सर्वांत जास्त प्रेशर असतं आणि सुमारे १.१ अँपिअरला सर्वांत कमी. ही मुद्दाम केलेली सोय आहे: वायर तुटली तरी क्लच घसरून जळू नयेत, फार तर झटके बसावेत. एकेका क्लचला स्वतंत्र सोलेनॉइड असतो तिथे मात्र काही सोलेनॉइड सुलट हिशेबाचेही असतात, करंट नाही तर प्रेशर नाही. तुमच्या गिअरबॉक्समध्ये कुठला कसा आहे हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. हे माहीत नसेल तर पुढच्या सगळ्या मोजमापांचा अर्थ उलटा लागू शकतो.

आता तुमच्या लक्षणांचा क्रम बघा. आधी रेस सुटली, मग लाइट लागला, मग झटके सुरू झाले. यातलं दुखणं पहिलं आहे. क्लच घसरतोय हे लक्षात आल्यावर कॉम्प्युटर लिंप मोडमध्ये (गिअरबॉक्स वाचवायच्या मर्यादित अवस्थेत) जातो, सोलेनॉइडचा पुरवठा तोडतो आणि प्रेशर पूर्ण चढवतो. त्यानंतरचा झटका हा त्या उपायाचा परिणाम आहे. बरेच जण झटक्यावरून ‘प्रेशर जास्त होतंय’ असा निष्कर्ष काढतात आणि तिथूनच तपास भरकटतो.

कोड नीट वाचणंही महत्त्वाचं आहे, कारण प्रेशर सोलेनॉइडचे कोड दोन जातींचे असतात. पी०७४८, पी०९६०, पी०९६२, पी०९६३ हे विजेचे. कॉम्प्युटरला सर्किट तुटलेलं किंवा शॉर्ट झालेलं दिसलं की हे लागतात, बऱ्याचदा चावी फिरवल्यावर लगेच, गाडी जागची हललेलीही नसते. पी०७४६ आणि पी०७४७ कामगिरीचे: सोलेनॉइडला सांगितलं एक आणि परिणाम दिसला दुसराच. पी०७७६, पी०७७७ म्हणजे तेच, पण बी सोलेनॉइडबद्दल. हा परिणाम कॉम्प्युटर कशावरून ओळखतो? गिअरबॉक्समध्ये प्रेशर सेन्सर किंवा स्विच असेल तर त्यावरून, नसेल तर इनपुट आणि आउटपुट शाफ्टच्या वेगाच्या गुणोत्तरावरून. म्हणजे सोलेनॉइडच्या पोटात त्याला काहीच दिसत नाही. ऑइल कमी, फिल्टर चोंदलेला, पंप झिजलेला, व्हॉल्व्ह बॉडीचं (ज्या ठोकळ्यात व्हॉल्व्ह बसतात त्याचं) बोअर मोठं झालेलं, क्लच पिस्टनचं सील फाटलेलं, यातल्या कशानेही तोच कोड उमटू शकतो. तुमचा कोड या दुसऱ्या जातीचा आहे, म्हणून मी सावध आहे.

स्कॅनरवर कोडसोबत फ्रीज फ्रेमही साठवलेली असते. ऑइलचं तापमान, गिअर, वेग, थ्रॉटल किती उघडा होता, हे सगळं कोड पुसण्याआधी लिहून घ्या. क्लच अॅडॅप्टेशनचे आकडे दिसत असतील तर तेही. प्रत्येक क्लच भरायला किती वेळ लागतो आणि कॉम्प्युटरने किती भरपाई केली आहे याची ती नोंद असते. एका क्लचचा आकडा मर्यादेला टेकलेला आणि बाकीचे मध्यावर, हे दिसलं तर अर्धं निदान तिथेच झालं. बहुतेक ठिकाणी हे आकडे सुरुवातीलाच रिसेट करून टाकतात आणि पुरावा जातो.

तुमच्या बाबतीत मला एक गोष्ट विशेष खटकते. मेन प्रेशर कमी पडत असेल तर घसरण एकाच शिफ्टला चिकटून बसत नाही. चढावर, जोरात अॅक्सिलरेटर दिल्यावर, एकापेक्षा जास्त गिअरमध्ये ती जाणवते. तुमची तक्रार फक्त दोन ते तीनची आहे. सहा गिअरच्या बऱ्याच बॉक्समध्ये तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स एकाच क्लचवर चालतात. तेव्हा गाडी गरम असताना, लाइट लागण्याआधी, दोन गोष्टी पाहा: चौथ्यातून पाचव्यात जाताना रेस सुटते का, आणि रिव्हर्स टाकल्यावर गाडी पकड घ्यायला वेळ लावते का. दोन्ही होत असतील तर संशय मेन प्रेशरवरून उठून त्या एका क्लचकडे, त्याच्या सोलेनॉइडकडे, सीलकडे आणि त्याला ऑइल नेणाऱ्या वाटेकडे जातो. सोबत पी०७३३ किंवा पी०७३५, म्हणजे तिसऱ्या-पाचव्या गिअरचं गुणोत्तर चुकल्याचे कोड साठलेले असतील, तर जवळजवळ नक्कीच.

प्रत्यक्ष तपासणी ऑइलपासून. पातळी योग्य तापमानाला बघितली तरच अर्थ आहे, कारण एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) तापलं की फुगतं. डिपस्टिक नसलेल्या बॉक्समध्ये ओव्हरफ्लोचा प्लग असतो. टोयोटा-आयसिन घराण्यातल्या बऱ्याच बॉक्समध्ये ती तपासणी साधारण ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान, इंजिन चालू ठेवून करतात. ९० अंशांना प्लग उघडला तर गरजेचं ऑइलही वाहून जातं आणि पातळी कमी राहते. कमी ऑइलमध्ये पंप हवा ओढतो, फेस होतो आणि फेसाने प्रेशर धरलं जात नाही. रंग आणि वास बघा. गडद होणं वयाने होतं. काळं, जळका वास आणि बोटांवर चोळल्यावर कचकच लागणं, म्हणजे क्लचचं अस्तर ऑइलमध्ये आलं आहे. आधी कुणी दुसऱ्याच प्रकारचं एटीएफ भरलंय का, हेही विचारून घ्या.

मग वीज. गिअरबॉक्सच्या मुख्य कनेक्टरवर मल्टिमीटर लावून सोलेनॉइडचा रोध मोजा. नुसत्या चालू-बंद होणाऱ्या शिफ्ट सोलेनॉइडचा रोध साधारण १० ते ३० ओम असतो. प्रेशरच्या लिनिअर सोलेनॉइडचा बराच कमी, सहसा ३ ते ६ ओम. टोयोटाच्या मेन प्रेशर सोलेनॉइडला २० अंशांवर ५.० ते ५.६ ओम अशी मर्यादा दिलेली असते. इतक्या लहान आकड्यात मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधही भर टाकतो, म्हणून दोन्ही टोकं एकत्र धरून तो आधी वजा करा. तापमानाचा हिशेबही हवा. तांब्याचा रोध अंशामागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ५.२ ओम दाखवणारी कॉइल ९० अंशांना ६.६ च्या आसपास दाखवेल आणि ती अगदी निरोगी असेल. थंडीचा आकडा प्रमाण धरून गरम सोलेनॉइड नापास करण्याचा प्रकार फार होतो. उलट, थंड असताना ५.२ आणि गरम झाल्यावर मीटर एकदम अनंताकडे गेला, किंवा आतली वायर हलवली की आकडा नाचला, तर तो खरा दोष. प्रत्येक पिनपासून गिअरबॉक्सच्या बॉडीपर्यंतचा रोधही बघा. तिथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. हे शेवटचं फक्त ज्या बॉक्समध्ये सोलेनॉइडची अर्थिंगची वायर कॉम्प्युटरकडे जाते तिथेच लागू. काही जुन्या रचनांत कॉइलचं एक टोक बॉडीलाच जोडलेलं असतं.

लिनिअर सोलेनॉइडला थेट बॅटरी लावून ‘टक’ आवाज ऐकण्याची सवय सोडून द्या. १२ व्होल्ट आणि ५ ओम म्हणजे २.४ अँपिअर, आणि तो बनवलाय साधारण एका अँपिअरसाठी. मध्ये २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडा आणि क्षणभरच लावा. टक झालं तरी एवढंच कळतं, की प्लंजर हलतो. तो हवं तेवढंच प्रेशर सोडतो की नाही, हे त्या आवाजात नसतं.

कनेक्टर सोडवलाच आहे तर आत बघा. मर्सिडीजच्या ७२२.६ बॉक्समध्ये १३ पिनांच्या कनेक्टरचं सील गळतं आणि ऑइल तारेच्या आतून चढत थेट गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतं. झेडएफच्या ६एचपी मालिकेत कनेक्टरची स्लीव्ह गळून ऑइल कमी होतं, आणि मेकॅट्रॉनिक (व्हॉल्व्ह बॉडी आणि कॉम्प्युटर एकत्र असलेला भाग) व बॉक्स यांच्यामधलं ब्रिज सील कडक झालं की प्रेशर तिथूनच निसटतं. असली स्वस्त सीलं शाबूत नसताना महागडा सोलेनॉइड बसवून काहीही बदलत नाही.

आता मुख्य काम. स्कॅनरवर त्या सोलेनॉइडचा मागितलेला करंट आणि मिळालेला करंट शेजारी शेजारी लावा. गाडी गरम करून, त्रास होतो त्या अवस्थेत दोन्ही पाहा. मिळालेला आकडा मागितलेल्याच्या मागोमाग चालत असेल, तर कॉम्प्युटरपासून कॉइलपर्यंतची वीज ठीक आहे. तो मागे राहत असेल, तर कनेक्टर, वायर, अर्थिंग आणि पुरवठ्याचं व्होल्टेज तपासा, तेही लोड चालू असताना. अर्थिंगच्या वाटेत ०.१-०.२ व्होल्टहून जास्त घट दिसली तर आधी ती दुरुस्त करा.

मग प्रेशर गेज. बॉक्सच्या बॉडीवर टेस्ट पोर्टचा प्लग असतो. तिथे निदान २० बारपर्यंत मोजणारं गेज लावा आणि नळी एक्झॉस्टपासून दूर बांधा. ऑइल ७०-८० अंशांना आलं की आयडलवर डी मध्ये आणि आर मध्ये प्रेशर लिहून घ्या. नेमका आकडा मॅन्युअलमधलाच धरायचा. अंदाज म्हणून सांगायचं तर बऱ्याच बॉक्समध्ये आयडलवर डी मध्ये ४ ते ६ बारच्या आसपास असतं, आर मध्ये त्याहून जास्त, आणि आर मध्ये ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल दिल्यावर १५ बार किंवा वर जातं. ही स्टॉल टेस्ट ५ सेकंदांपेक्षा जास्त करू नका, हँडब्रेक आणि फूटब्रेक दोन्ही लावा, चाकांना अडण लावा, गाडीच्या पुढे-मागे कुणालाही उभं राहू देऊ नका, आणि दोन टेस्टच्या मध्ये न्यूट्रलला ऑइल थंड होऊ द्या. क्लच आधीच घसरत असतील तर ही टेस्ट टाळलेलीच बरी. आयडलचे आकडे आणि पुढची युक्ती पुरते.

ती अशी. गाडी जागेवर, ब्रेक दाबलेला, गेज लावलेलं. सोलेनॉइडचा कनेक्टर काढा. उलट्या हिशेबाचा सोलेनॉइड असेल तर प्रेशर एकदम कमालीला जायला हवं. गेलं, तर पंप, फिल्टर आणि रेग्युलेटर यांच्यात ताकद आहे. मग करंट बरोबर असूनही प्रेशर कमीजास्त होत नसेल तर दोष सोलेनॉइडचा किंवा त्याच्या लगतच्या व्हॉल्व्हचा. वीज काढूनही प्रेशर चढलंच नाही, तर दोष बहुधा सोलेनॉइडच्या पलीकडचा; मात्र सोलेनॉइड कचऱ्याने अडकला असेल तरीही असं होऊ शकतं. या एका टेस्टने कितीतरी नवे सोलेनॉइड वाचतात. बऱ्याच बॉक्समध्ये एकच मोठा कनेक्टर असल्याने सगळेच सोलेनॉइड एकदम बंद पडतात आणि काही जास्तीचे कोड उमटतात. ते नंतर पुसता येतात, फक्त त्या अवस्थेत गाडी चालवू नका. टेस्ट पोर्टच नसलेले बॉक्सही आता पुष्कळ आहेत. तिथे आतल्या सेन्सरचा आकडा स्कॅनरवर वाचायचा, आणि तोही नसेल तर व्हॉल्व्ह बॉडी काढून टेबलावर तपासायची.

‘गरम झाल्यावरच’ या शब्दाकडे इथे परत बघायला हवं. गरम झाल्यावर बिघडण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्या ओळखू येतात. कॉइल किंवा आतली वायर तापून तुटत असेल तर बिघाड अचानक होतो आणि विजेचा कोड लागतो. ऑइल निसटत असेल तर बिघाड हळूहळू वाढतो: आधी शिफ्ट किंचित लांबते, मग रेस सुटते, मग कामगिरीचा कोड. थंड ऑइल घट्ट असतं, म्हणून झिजलेल्या फटीतूनही प्रेशर टिकतं. पातळ झालं की फट बोलायला लागते. तुमची लक्षणं या दुसऱ्या वाटेची आहेत. व्हॉल्व्ह बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, आणि तिच्यातले रेग्युलेटर व सोलेनॉइडला ऑइल पुरवणारा मॉड्युलेटर हे व्हॉल्व्ह सतत थरथरत असतात. वर्षानुवर्षं तेवढंच बोअर घासत राहतं. मॉड्युलेटरचं बोअर गळू लागलं तर सगळ्याच लिनिअर सोलेनॉइडना तोंडाशीच कमी प्रेशर मिळतं. अशा वेळी नवा सोलेनॉइड थोडे दिवस बरा वाटतो, कारण त्यासोबत ऑइलही नवं आणि घट्ट असतं. ते पातळ झालं की त्रास परत. बोअरची झीज डोळ्यांनी दिसत नाही. व्हॅक्यूम टेस्टने दोन मिनिटांत कळते. उपाय म्हणजे बोअर रीम करून मोठ्या मापाचा व्हॉल्व्ह बसवणं किंवा तपासलेली व्हॉल्व्ह बॉडी घेणं.

इतकं करून सोलेनॉइडच दोषी ठरला तर तो बदला, पण पॅन उघडल्यावर आधी चुंबक बघा. करड्या रंगाची मऊ पेस्ट नेहमीची आहे. चमकणारे तुकडे, पितळी कीस किंवा काळ्या अस्तराचा थर असेल, तर हात तिथेच थांबवा. मग सोलेनॉइड त्या कचऱ्याने अडकलाय, आणि नवाही त्याच कचऱ्याने अडकेल. क्लच उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. चुंबकीय प्लंजर लोखंडाचा कीस स्वतःच ओढून घेतो, म्हणून एक सोलेनॉइड घाणीने गेला असेल तर मी पूर्ण संच बदलावा या मताचा आहे. फक्त कॉइल तुटली असेल तर तेवढा एक पुरे. सॉल्व्हंटने धुऊन सोलेनॉइड मोकळा होतो, तो निदान पक्कं करायला उपयोगी आहे. कायमचा इलाज म्हणून मी त्यावर भरवसा ठेवत नाही. जुन्या गाडीतून काढलेला सोलेनॉइड तर घेऊच नका.

काम बॅटरी सोडून, बॉक्स थंड करून. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर आकृती काढून त्याच जागी खोचत जा. व्हॉल्व्ह बॉडी उतरवताना चेक बॉल कुठे पडतात त्यावर लक्ष ठेवा. धागे सुटणारं फडकं वापरू नका. नव्या ओ-रिंगला त्याच प्रकारचं एटीएफ लावूनच बसवा. बोल्ट बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपासचे असतात, टॉर्क रेंचने आणि मध्यापासून बाहेर कसायचे. जास्त आवळलं तर व्हॉल्व्ह बॉडी किंचित वाकते आणि चांगले व्हॉल्व्ह अडकतात.

बसवल्यावर काम संपत नाही. एकाच मॉडेलच्या दोन सोलेनॉइडमध्येही थोडा फरक असतो. काही कंपन्या तो कारखान्यात मोजून कोड किंवा फाइलच्या रूपात देतात आणि कॉम्प्युटरमध्ये भरायला लावतात. फोर्डच्या ६आर८० च्या सोलेनॉइड बॉडीला आणि जॅटकोच्या सीव्हीटींच्या (पायरीचे गिअर नसलेल्या, बेल्ट-पुलीच्या ऑटोमॅटिक बॉक्सच्या) व्हॉल्व्ह बॉडीला हे लागतं. ते न भरता गाडी दिली तर नवा पार्टही झटके देतो. त्यानंतर जुनं अॅडॅप्टेशन पुसून, ऑइल गरम करून, हलक्या थ्रॉटलवर सगळे गिअर चढवत-उतरवत गाडी चालवायची, मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने. मग पुन्हा गेज, पुन्हा करंट, पुन्हा पातळी. गॅरेजकडून आधीचे आणि नंतरचे आकडे लिहून मागा.

तोवर गाडी चालवायची का? लाइट लागून लिंप मोडमध्ये गेली असेल आणि पकड पक्की असेल, तर हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते. रेस सुटत असताना मात्र चालवू नका. प्रत्येक घसरणीत क्लचचं अस्तर जळतं, आणि दुरुस्ती व्हॉल्व्ह बॉडीवरून पूर्ण ओव्हरहॉलवर जाते. सीव्हीटी असेल तर धोका अधिक: प्रेशर कमी पडलं की बेल्ट पुलीवर घसरतो आणि पुलीचा पृष्ठभाग खरवडतो, त्यावर पुन्हा नवा बेल्टही टिकत नाही. ओढून न्यायची वेळ आली तर इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते ती चाकं उचलून किंवा पूर्ण गाडी ट्रकवर चढवूनच न्या. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि आतले भाग ऑइलविना घासतात.